फाटकावरची दहा मिनिटं

सकाळी सातच्या सुमारास फाटकाबाहेर ट्रॅक्टर थांबतो आणि तिथूनच हाक येते, "वहिनी, मशीन जोडू का? माणसं बागेत जाऊन बसलीत." मी हातात फडकं घेऊन बाहेर येते आणि म्हणते, "दहा मिनिटं." माल उतरला की द्राक्षबागांच्या मांडवांची डागडुजी निघते. त्या दिवसांत सकाळची दहा मिनिटं मागितलेली कुणालाच आवडत नाहीत. तरी मी मागते.

आम्ही तासगावजवळ डिझेलवर चालणारे वेल्डिंगचे सेट भाड्यानं देतो. सासऱ्यांनी १९९७ साली पहिला सेट जुन्यात घेतला, आता तीन आहेत. मशीन पोचवणं आणि आणणं मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, आणि २००८ पासून फाटकावरची तपासणी माझ्याकडे. मी दहावी शिकलेली, माहेर आटपाडीकडचं. इंजिनातलं जे काही मला कळतं ते पलूसकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

वेल्डिंगला लागणारी वीज घरातल्या विजेच्या उलट तऱ्हेची असते. मिक्सर २३० व्होल्टवर दोन-तीन अँपिअर घेतो. वेल्डिंगच्या आर्कला वीस-पंचवीस व्होल्ट पुरतात, पण अँपिअर लागतात शंभर-दीडशे. गावात हे काम लाईटवर चालणाऱ्या मशीनवर होतं. शेतात थ्री फेज दिवसाकाठी ठरावीक तासच असते, तीही कधी कधी रात्री, आणि प्रत्येक बांधावर खांब पोचलेला नसतो. म्हणून दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला सेट लागतो. मागे मिनिटाला पंधराशे फेरे घेणारं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला अल्टरनेटर, आणि पुढे पॅनेल. पॅनेलवरून एक लीड रॉडच्या होल्डरला जाते, दुसरी अर्थिंगच्या क्लँपला. शिवाय ग्राइंडरसाठी २३० व्होल्टचं सॉकेट. मांडवाचे अँगल, उसाची ट्रॉली, बोअरची केसिंग, शेडची कैची अशी कामं त्यावर होतात.

इंजिन आमच्या भागाला परकं नाही. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी इथून जवळच आहे, आणि ऑइल इंजिन लावून विहीर उपसलेली माणसं अजून घरोघरी आहेत. वेल्डरही इथले हुशार. तरीसुद्धा मशीन बिघडतात आणि माणसांना इजा होते, आणि याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. ट्रॅक्टरवाला इंजिनाकडे बघतो, वेल्डर रॉडच्या टोकाकडे बघतो. इंजिनाचा धूर कुठं जातो, करंट परत कुठून येतो, सॉकेटातली वीज कुणाच्या घरात शिरते, हे मधलं सगळं बेवारस राहतं. माझी दहा मिनिटं त्या बेवारस भागासाठी आहेत.

सुरुवात मात्र तेलापासूनच. मशीन सपाट जागेवर, इंजिन बंद, पट्टी पुसून पुन्हा आत घालायची आणि मग वाचायची. तेल कमी दिसलं की कुणीही भर घालतो. मामांनी मला शिकवलं ते वेगळं: "तेल कमी झालं तर भीती थोडी, वाढलं तर जास्त." न घालता तेल वाढतं याचा अर्थ आत दुसरं काहीतरी मिसळतंय. वास डिझेलचा आला तर डिझेल उतरतंय, रंग दुधाळ झाला तर पाणी. दोन्हींनी तेलाचा चिकटपणा जातो आणि बेअरिंग कोरडी पडतात. पट्टीवर वाढलेलं तेल दिसलं तर त्या दिवशी मशीन फाटकाबाहेर जात नाही, मग समोरचा कितीही जवळचा असो.

तेल बदलायचं ते तासांवर. माझ्या मशीनच्या पुस्तकात २५० तास लिहिलेत, नव्या इंजिनाचा पहिला बदल ५० तासांवर. उभ्या मशीनला किलोमीटर नसतात म्हणून माणसं फसतात. पन्नासच्या वेगानं २५० तास चाललेली जीप साडेबारा हजार किलोमीटर गेलेली असते. तेवढं अंतर जीपला कुणी जुन्या तेलावर पळवणार नाही. मशीन मात्र एका जागी धडधडत असतं, ते कुठं गेलेलंच नसतं, म्हणून त्याचं तेल कुणाच्या लक्षात येत नाही. पॅनेलवरचा अवर मीटर मी रोज वहीत उतरवते, जाताना आणि येताना. जतकडच्या धुळीत मशीन आठवडाभर राहिलं तर मी २५० ची वाटही बघत नाही.

धुळीचं सांगायचं तर २०१४ सालचा उन्हाळा सांगायला हवा. दोन नंबरचं मशीन तिकडच्या एका मोठ्या कामावर महिनाभर होतं. वहीत मी प्रत्येक वेळी किती तेल भरलं तेही लिहिते. आधी दहा तासांना पेलाभर लागायचं. मग अर्धा लिटर, मग पाऊण. मला आकडे दिसत होते, पण हंगाम होता, आणि मी स्वतःला समजावलं की जुनं मशीन आहे, पितं थोडं. सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला तेव्हा मामांना बोलावलं. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. एअर फिल्टर काढला, आत बॅटरी पेटवून धरली आणि मला म्हणाले, "बघ." कागदाच्या घडीतून उजेडाचा एक ठिपका बाहेर पडत होता. गव्हाच्या दाण्याएवढा. साइटवर कुणीतरी कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबानं आणि जवळून मारली होती आणि कागद फाटला होता. त्या छिद्रातून महिनाभर धूळ आत गेली. धूळ म्हणजे बारीक दगडच, तिनं रिंगा आणि लायनर पॉलिश पेपरसारखे घासून काढले. इंजिन पूर्ण उघडावं लागलं. फिल्टरची किंमत काहीशे रुपये होती, कामाचं बिल पन्नास हजारांच्या घरात गेलं. आकडे माझ्याच हातांनी लिहिलेले होते आणि मीच ते वाचले नव्हते, हे मला आजही लागतं.

तेव्हापासून फिल्टर मी स्वतः काढते. खालची रबरी टोपी दाबून साठलेली धूळ झटकते. कागदाला हवा मारायचीच तर कमी दाबानं, आतून बाहेर. मग आत उजेड धरून बघायचं. ठिपका दिसला की फिल्टर फेकायचा.

डिझेलबद्दल थोडक्यात. टाकी रिकामी ठेवून रात्र काढली की आतल्या ओलसर हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं, म्हणून संध्याकाळीच भरायची, वर थोडी जागा सोडून. सकाळी फिल्टरखालची चावी सोडून काचेच्या पेल्यात थोडं घ्यायचं. पाणी तळाशी वेगळं दिसतं. आणि डिझेल भरायचं ते इंजिन बंद करून, ते निवल्यावरच. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही यावर आपल्या माणसांचा फार विश्वास आहे. काडीनं नसेल पेटत, पण दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास ते ठिणगीशिवाय आपोआप पेट घेतं, आणि लोडवर चाललेलं एक्झॉस्ट त्याहून किती तरी जास्त तापलेलं असतं. रेडिएटरचं झाकणही गरम असताना फिरवायचं नाही. एका पोराच्या दंडावर त्या वाफेचा डाग आहे.

आता एक गैरसमज, जो माझ्या गिऱ्हाइकांत सर्वांत पक्का आहे. त्यांना वाटतं की मोठं मशीन घेऊन हलकं काम केलं म्हणजे मशीन टिकतं. मांडवाच्या पातळ अँगलला अडीच एमएमचा रॉड लावतात, सत्तर-ऐंशी अँपिअरवर. मशीन ४०० अँपिअरचं. इंजिन दिवसभर जवळजवळ रिकामंच पळतं. डिझेल इंजिनाला असं हलकं चालणं सोसत नाही. आत पुरेशी उष्णता तयार होत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि उरलेलं न जळलेलं, काजळीत कालवलेलं, सायलेन्सरमध्ये साठत जातं. मग जोडातून काळं, चिकट तेल ठिबकतं. बघणाऱ्याला वाटतं इंजिन तेल टाकतंय. नोझल काजळतात, रिंगा चिकटतात. उपाय सोपा आहे. दर काही दिवसांनी मशीनला जाड काम द्यायचं, चार किंवा पाच एमएमचा रॉड, चांगल्या अँपिअरवर दोन-तीन तास. आणि दुपारी जेवायला बसताना इंजिन चालू ठेवायचं नाही. बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं लोड काढून मोकळं फिरू द्यायचं म्हणजे आतली उष्णता उतरते. तेवढंच मोकळं फिरणं त्याच्या कामाचं. बैलाला दिवसभर मोकळं जू घालून उभं केलं तर त्याला विश्रांती मिळत नाही, तसंच हे.

पॅनेलच्या बाजूला मी लीडांच्या टोकाचे लग हातानं हलवून बघते. ढिला लग दिसायला क्षुल्लक असतो. पण १५० अँपिअर जाताना त्या जोडात एका ओहमचा विसावा भाग एवढाच अडथळा असला तरी तिथे हजार वॉटच्या वर उष्णता तयार होते, म्हणजे कपड्यांची इस्त्रीच. मग वेल्डर म्हणतो मशीन लोड घेत नाही आणि अँपिअर वाढवतो, आणि जोड आणखी जळतो. कार्बन झिजलेत का ते महिन्यातून एकदा बघायचं, त्यांची काळी पूड कोरड्या हवेनं हलकेच उडवायची. पावसाळा संपला की इलेक्ट्रिशियन डायोड सोडवून मेगर लावतो. वाइंडिंगनं किमान एक मेगओहम दाखवला तरच हंगाम सुरू.

क्लँपबद्दल मात्र मी प्रत्येकाला थांबवून सांगते. आपण त्याला अर्थिंग म्हणतो, पण जमिनीशी त्याचा संबंध नाही. होल्डरमधून गेलेला सगळा करंट ज्या वाटेनं मशीनकडे परत येतो, ती वाट म्हणजे हा क्लँप. तो कामाच्या तुकड्यावरच, सांध्याच्या जवळ, रंग खरवडून लावायचा. आमच्याकडे एका बागायतदारानं फवारणीच्या ब्लोअरची जाळी ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच वेल्ड करून घेतली. क्लँप लावला ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला, कारण तिथे लोखंड स्वच्छ होतं. करंटनं परत जाताना बेअरिंगांमधून वाट काढली. चार दिवसांनी पंख्याच्या बेअरिंगचा आवाज सुरू झाला, उघडली तर गोळ्यांवर सुईनं टोचल्यासारखे डाग. ट्रॅक्टरचा अल्टरनेटरही गेला, कारण बॅटरीची वायर सोडवलेली नव्हती. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. वेल्डर म्हणाला ट्रॅक्टर माझा नव्हता, ट्रॅक्टरवाला म्हणाला क्लँप मी लावला नव्हता.

धुराची गोष्ट सांगताना माझा आवाज अजून स्थिर राहत नाही. जुलै महिना, पाऊस. एका शीतगृहाचं बांधकाम चालू होतं, आतल्या खोलीत रॅकचं काम. मशीन भिजू नये म्हणून पोरांनी ते ढकलत आत घेतलं आणि वारा येतो म्हणून शटर गुडघाभर ठेवून खाली ओढलं. भावना चांगली होती, माझं मशीन जपलं त्यांनी. मालक डिझेल पोचवायला गेले तेव्हा एक पोरगा भिंतीला टेकून बसलेला, दुसरा ओकत होता. त्यांना वाटत होतं सकाळचं खाणं बाधलं. मालकांनी शटर वर केलं, दोघांना ओढत पावसात आणलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. वाचले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं धरून ठेवतं. श्वास चालू असतो आणि प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं एवढीच खूण, आणि ती ओळखण्याची शुद्धच आधी जाते. डिझेल इंजिनातून हा वायू पेट्रोलपेक्षा कमी निघतो हे खरं, पण बंद खोलीला तेवढाही पुरतो. म्हणून मशीन बाहेर. पाऊस असला तर त्यावर चार खांबांचा पत्रा, चारी बाजू उघड्या, सायलेन्सरचं तोंड दारा-खिडकीपासून लांब आणि वाऱ्याच्या दिशेनं. लीड लांब लागते तर मी जादा लीड देते, तिचं भाडं घेत नाही.

दुसरी गोष्ट सॉकेटची. मशीन वस्तीवर मुक्कामी असतं, रात्री लाईट जाते, घरात लहान मूल असतं, आणि कुणाला तरी सुचतं की दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून मशीनची वीज घराच्या सॉकेटात घालावी. दिवे लागतात, सगळे खूश. पण ती वीज घरात थांबत नाही. मीटरमधून ती खांबावर जाते, खांबावरून ट्रान्स्फॉर्मरला. जो ट्रान्स्फॉर्मर अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, तोच उलट्या बाजूनं आलेले २३० व्होल्ट चढवून पुन्हा हजारोंच्या घरात नेतो. लाईन बंद आहे असं समजून तिथे पुढे कुठेतरी वायरमन खांबावर चढलेला असतो. आमच्या भावकीतलाच एक मुलगा वायरमन आहे, त्यामुळे हे मला पुस्तकातलं वाटत नाही. अशी दोन पिनांची वायर मी एका वस्तीवर पाहिली आणि तिथल्या तिथे पक्कडीनं मधून तोडली. घरधनी रागावला. घराला वीज द्यायचीच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्यायचा, त्याला दुसरा मार्ग नाही. सॉकेटवर मी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा खटका, बसवला आहे, आणि न्यूट्रल मशीनच्या चौकटीशी नीट जोडून घेतलं आहे, नाहीतर तो खटका वेळेला पडतच नाही. देताना बटण दाबून समोर पाडून दाखवते.

वेल्डरच्या अंगाची काळजी हा खरं तर वेगळा विषय, पण हातमोजे न बघता मी मशीन सोडत नाही. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर सत्तर-ऐंशी व्होल्ट असतात. घामानं भिजलेल्या माणसाला ओल्या सरीत तेवढे पुष्कळ झाले. ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात, म्हणून गवत, पाचट, शेडनेट आधी बाजूला करायचं आणि काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथेच थांबायचं. आग लगेच दिसत नाही, धुमसत राहते. काचेशिवाय बघत बसणाऱ्या मुलांना तर मी वेल्डरच्या वतीनं हाकलते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन मूल रडतं तेव्हा बटाट्याच्या फोडी ठेवून भागत नाही, डॉक्टरकडे न्यावं लागतं.

आणि गूळ. दिवसभर धूर खाल्ला की संध्याकाळी गुळाचा खडा चघळायचा, म्हणजे छाती साफ होते, हे माझे सासरेही सांगायचे. जस्ताचा मुलामा दिलेल्या अँगलला वेल्डिंग केलं की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो जस्ताच्या धुराचा ताप असतो. दिवस-दीड दिवसात उतरतो म्हणून त्याला कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. सांध्याजवळचं जस्त घासून काढायचं, वाऱ्याला पाठ न देता बाजूनं बसायचं, डोकं धुराच्या लोटाबाहेर ठेवायचं आणि बऱ्या प्रतीचा मास्क लावायचा. गूळ हवा तर खावा, मीही देते, पण मास्कच्या जागी नाही.

मागच्या मार्चमध्ये एक नवा वेल्डर आला, आयटीआय करून नुकताच बाहेर पडलेला. दहा मिनिटं तो गप्प उभा राहिला, मी काय करते ते बघत. संध्याकाळी मशीन परत आलं तेव्हा तो स्वतः ट्रॅक्टरवर बसून आला होता. म्हणाला, "वहिनी, दिवसभर ऐंशीवर चाललंय. सायलेन्सरच्या जोडाला काळं ओलं दिसतंय. उद्या ट्रॉलीचा चेसिस आहे माझ्याकडं, पाच एमएमचा रॉड लावतो, त्यालाच न्हेऊ का परत?" मी वही उघडली. त्यानं अवर मीटरचा आकडा वाचून दाखवला, मी लिहिला: ४२३८. मग त्याला विचारून पुढे लिहिलं, काळं ठिबक, हलका लोड. तेल बदलायला बारा तास उरले होते. मी त्याला सांगितलं, उद्या नेऊ नको, परवा ने, उद्या दुपारी आपण दोघं मिळून तेल काढू.